पोलंडच्या चुनखडी पठारावरचे पडके किल्ले: कोणते निवडायचे आणि तिथे बघायचं काय

प्रश्न असा आला आहे: "सप्टेंबरअखेर आई-बाबांना घेऊन पोलंडमध्ये क्राकूवला येतोय. फिरायला चार दिवस आहेत. सह्याद्रीतले गड आम्ही तिघांनीही पाहिलेत, त्यामुळे चालायची भीती नाही. क्राकूव ते चेंस्तोहोवा या पट्ट्यात पुष्कळ किल्ले आहेत असं कळलं, पण फोटोंत सगळे सारखेच पडके दिसतात. कोणते निवडावेत? आणि पडक्या भिंतींत नेमकं बघायचं काय?"

मी याच भागात वाटाड्याचं काम करतो आणि आपल्याकडची मंडळी आली की हे दोन प्रश्न हटकून येतात. आधी निवड सांगून टाकतो. ओग्रोदझ्येन्येत्स, मिरूव-बोबोलित्सेची जोडी, ओल्श्तिन आणि ओइत्सूवचं खोरं. चार दिवस, चार ठिकाणं. दिवसाला दोन-तीन किल्ले उरकायचे बेत लोक आखून येतात, ते मी पहिल्याच फोनवर मोडून काढतो. या किल्ल्यांत सजवलेले महाल नाहीत, शस्त्रांची दालनं नाहीत. इथे बघायची असते ती कातळ संपून भिंत सुरू होते ती जागा. ती एकदा डोळ्यांना सापडली की दोन तासही कमी पडतात. नाही सापडली तर वीस मिनिटांत फोटो काढून होतात आणि मग खरोखरच सगळे किल्ले सारखे वाटू लागतात.

म्हणून सुरुवात दगडापासून करू या.

या पठाराला इथले लोक नुसतं 'युरा' म्हणतात. ज्युरासिक कालखंडाच्या उत्तरार्धात, म्हणजे साधारण साडेपंधरा कोटी वर्षांपूर्वी, इथे उबदार आणि फारसा खोल नसलेला समुद्र होता. त्याच्या तळाशी समुद्री स्पंज आणि सूक्ष्मजीवांच्या थरांचे मोठाले ढिगारे वाढत गेले. त्या ढिगाऱ्यांचा जो चुनखडीचा दगड झाला तो एकसंध आणि चिवट, त्यात पदर नाहीत. ढिगाऱ्यांच्या मधल्या जागेत साठलेल्या गाळाचीही चुनखडीच झाली, पण ती थराथरांची आणि फुटायला सोपी. पुढे समुद्र हटला. पाऊस हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडकात झिरपत राहिला, चुनखडी विरघळवत राहिला. थरांची चुनखडी आधी झिजली, स्पंजांचे ढिगारे मागे उभे राहिले. आज शेतांतून आणि पाइनच्या रानातून अचानक वर आलेले जे पांढरे सुळके दिसतात, ते हे ढिगारे. चौदाव्या शतकातल्या गवंड्यांनी किल्ले बांधले ते यांच्याच माथ्यावर.

कुठलाही किल्ला चढताना कातळाला हात लावून बघा. राखाडी-काळपट गाठी दिसतील, काचेसारख्या गुळगुळीत. ती गारगोटी. भिंतीच्या चिऱ्यांतही तीच गाठ सापडते, कारण दगड लांबून आणलेलाच नाही. पायाखालचा फोडला आणि डोक्यावर रचला. चुनाही इथलाच, इथल्याच दगडाच्या भट्टीतला. त्यामुळे कित्येक ठिकाणी कातळ आणि भिंत एकाच रंगाची आहेत, आणि दुरून बघताना सुळका कुठला आणि बुरूज कुठला हे सांगता येत नाही. शत्रूलाही ते चटकन कळत नसणार.

आता इथेच एवढे किल्ले का, ते. १३३५ मध्ये राजा काझिमिएझ (तिसरा, ज्याला पोलंडमध्ये 'महान' म्हणतात) यानं बोहेमियाच्या राजाशी तह केला. बोहेमियाच्या राजानं पोलंडच्या गादीवरचा हक्क सोडला, आणि बदल्यात काझिमिएझनं सायलेशियावर पाणी सोडलं. सायलेशियाची हद्द या पठाराला पश्चिमेकडून येऊन भिडते. राजधानी क्राकूव एकदम सरहद्दीजवळ आली, आणि तिथून उत्तरेला जाणारा रस्ता याच पठाराच्या अंगानं जाणारा. काझिमिएझनं १३७० पर्यंत राज्य केलं. या काळात पठाराच्या कडेनं राजानं आणि त्याच्या सरदार घराण्यांनी दगडी किल्ल्यांची ओळ उभी केली. उंच सुळक्यांवर बसलेले म्हणून त्यांना गरुडांची घरटी म्हणतात. क्राकूव ते चेंस्तोहोवा अशी जी लाल खुणांची पायवाट त्यांना जोडते, ती सुमारे १६४ किलोमीटर भरते.

या ओळीचा पुढचा इतिहास बराच गुंतागुंतीचा आहे. काझिमिएझ वारल्यावर गादीवर आलेल्या हंगेरीच्या लायोशनं ओल्श्तिन, बोबोलित्से वगैरे उत्तरेकडचे किल्ले ओपोलेच्या सरदार व्वादिस्वावला देऊन टाकले. ज्या सायलेशियापासून राखायला किल्ले बांधले, तिथल्याच एका राजवंशाकडे ते गेले. याच व्वादिस्वावनं १३८२ मध्ये चेंस्तोहोवाचा यास्ना गुरा मठ स्थापला, जो आज पोलंडचं सर्वांत मोठं तीर्थक्षेत्र आहे. राजा यागिएवोला १३९० च्या दशकात फौज पाठवून हे किल्ले परत घ्यावे लागले.

सह्याद्री पायाखालून गेलेल्या माणसाला इथे पहिल्याच किल्ल्यावर एक गोष्ट खटकते. पाण्याची टाकी कुठे आहेत? आपला बेसाल्ट पाणी धरतो, म्हणून गडाच्या माथ्यावर कातळ कोरून टाकं केलं की ते उन्हाळ्यापर्यंत साथ देतं. चुनखडीत तसं टाकं कोरून भागत नाही. तिच्यातल्या भेगा पाण्यानंच रुंद झालेल्या असतात; वर पडलेला पाऊस तडक पोटात जातो आणि डोंगराच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडतो. म्हणून पठाराच्या माथ्यावर ओढे जवळजवळ नाहीत, आणि पायथ्याच्या झऱ्यांतून मात्र अख्ख्या नद्या सुरू होतात. झ्वोती पोतोक गावाजवळ झिगमुंत आणि एल्झ्बिएता नावाचे दोन झरे आहेत. तळाची वाळू खालून येणाऱ्या पाण्यानं सारखी हलताना दिसते. व्येर्चित्सा नदी तिथे जन्मते. पाणी इतकं स्वच्छ आणि बारमाही गार की एकोणिसाव्या शतकापासून तिथे ट्राउट मासे पाळतात.

किल्ल्यावरच्या माणसांना मात्र हे पाणी खाली, वेढ्याच्या पलीकडे. त्यांच्यापुढे दोनच वाटा: अखंड कातळातून खोल विहीर खणायची, नाहीतर छपरांवरचं पावसाचं पाणी गळणार नाही अशा लिंपलेल्या हौदात साठवायचं. म्हणून प्रत्येक किल्ल्यात शिरल्यावर मी आधी विहीर शोधायला लावतो. विहीर सापडली की स्वयंपाकघर, घोड्यांची जागा, नोकरमाणसांची वर्दळ यांचा अंदाज येतो. छप्पर गेलं की नुसता निवारा जात नव्हता, हौदावर अवलंबून असलेल्या किल्ल्याचं पाणीही जात होतं. आगीनंतर हे किल्ले परत वसवणं का जड गेलं याचं एक कारण मला यात दिसतं.

ओग्रोदझ्येन्येत्सला पहिला दिवस द्या. किल्ला पोदझाम्चे गावात आहे आणि त्याची टेकडी समुद्रसपाटीपासून ५१५ मीटरच्या आसपास, म्हणजे पठाराच्या सर्वांत उंच जागेवर. आकडा ऐकून तुमचे बाबा हसतील, पण इथे उंची समुद्रसपाटीपासून मोजायची नाही, सुळक्याच्या कड्यानं मोजायची. किल्ल्याला तीन बाजूंनी उभे खडक आहेत. गवंड्यांनी खडकांच्या मधल्या फटी तेवढ्या भिंतींनी बुजवल्या, की तट झाला. मुख्य दरवाजातून आत जाण्याआधी बाहेरून, शक्य तितकी प्रदक्षिणा घाला. हे कोणी करत नाही, सगळे तिकीट काढून थेट आत पळतात. बाहेरूनच दिसतं की भिंतीचा पाया सरळ रेषेत नाही; खडक जसा वर-खाली होतो तशी भिंतीची पहिली रांग वर-खाली होते, आणि चार-पाच थरांनंतर कुठे गवंड्याला पातळी मिळते.

आत गेल्यावर डोकं वर करून बघायचं. मजले पडलेत, भिंती उभ्या आहेत, त्यामुळे उंच भिंतीवर अधांतरी शेगडीची जागा दिसेल, तिच्यामागे धुराडं वर गेलेलं. तिच्या थोडं खाली एका ओळीत चौकोनी खोबणी दिसतील. तिथे लाकडी तुळया बसायच्या. ती ओळ म्हणजे मजल्याची जमीन. या दोन खुणा जुळवल्या की दालन डोळ्यांपुढे उभं राहतं: ही जमीन, ही शेगडी, ही खिडकी, आणि खिडकीच्या जाडीतच दोन्ही बाजूंना बसायचे दगडी कट्टे. तुमच्या आईंना हे दाखवा. घर कसं होतं हे ज्याला दिसतं त्याला किल्ला दिसला असं मी मानतो, आणि माझा अनुभव असा की घर चालवलेल्या बायकांना ते सगळ्यांत आधी दिसतं.

या दालनांचा कर्ता सेवेरिन बोनर. क्राकूवचा सावकार, राजा झिगमुंत पहिला याचा विश्वासू, राजाच्या मिठाच्या खाणींचा कारभारी. त्यानं साधारण १५३० ते १५४५ या काळात जुना लढाऊ किल्ला बदलून रेनेसान्स शैलीतला वाडा केला, तो इतका देखणा की लोक त्याची तुलना क्राकूवच्या राजवाड्याशी करत. पण १५८७ मध्ये ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनच्या फौजेनं तो घेतला, १६५५ च्या स्वारीत स्वीडिश सैन्यानं जाळला, आणि १७०२ मध्ये पुन्हा स्वीडिश सैन्यानंच अशी आग लावली की त्यानंतर तो नीट उभा राहिलाच नाही. तरी त्या ढासळत्या खोल्यांत १८१० च्या सुमारापर्यंत माणसं राहत होती. आज आपण निर्धास्त फिरतो ते दुसऱ्या महायुद्धानंतर वीस-पंचवीस वर्षं चाललेल्या डागडुजीमुळे. पडायला आलेल्या भिंती तेव्हा सावरल्या, पण नव्यानं काही उभारून किल्ला पुरा करण्याचा मोह टाळला. मला हे काम फार मोलाचं वाटतं. क्राकूवला परतलात की मुख्य चौकातल्या सेंट मेरी चर्चमध्ये सेवेरिन आणि त्याच्या बायकोच्या समाधीवरचे कांस्याचे पट जरूर बघा. ज्याच्या शेगडीखाली सकाळी उभे होता त्याचा चेहरा संध्याकाळी दिसतो.

इथे रात्री साखळी ओढत फिरणाऱ्या काळ्या कुत्र्याची दंतकथा सगळे सांगतात. तो म्हणे क्रूर किल्लेदार स्तानिस्वाव वार्शित्स्कीचा आत्मा. खरा वार्शित्स्की स्वीडिश स्वारीत, मोठमोठे सरदार फितूर होत असताना, राजाच्या बाजूनं उभा राहिलेला माणूस होता. त्याच्या वाट्याला ही कथा यावी याचं मला वाईट वाटतं, म्हणून माझ्याबरोबर आलेल्यांना मी दोन्ही बाजू सांगतो.

शनिवार-रविवारी पोदझाम्चेला जत्रा असते. खेळण्यांची दुकानं, बग्ग्या, रांगा. मधल्या वारी, सकाळी दार उघडताना पोचा. आत लोखंडी जिने आणि मचाणं आहेत. गुडघे दुखत असतील तर खालचं अंगण आणि बाहेरची प्रदक्षिणा एवढ्यावरही समाधान होईल.

दुसऱ्या दिवशी मिरूव आणि बोबोलित्से. दोन किल्ले, मध्ये जेमतेम दोन किलोमीटरची खडकांची सोंड, आणि तिच्यावरून जाणारी पायवाट. पठारावरची एकच चाल करायची असेल तर ती ही. आई-बाबांनाही झेपेल. मिरूवकडून सुरू करा, उलट नको.

मिरूव आहे तसा उभा आहे: अरुंद खडकावर चढवलेला उंच, निमुळता सांगाडा. भिंती सावरण्याचं काम चालू असल्यानं बरीच वर्षं आत सोडत नाहीत, पण बाहेरून जे दिसतं तेच इथे महत्त्वाचं आहे. किल्ला खडकाच्या आकाराचा झालाय. खडक जिथे अरुंद तिथे खोली अरुंद; कुठे एखादा सुळका सरळ भिंतीत घेतलाय आणि त्याच्या कडेला दगड इतका घट्ट बसवलाय की सांधा बोटानं चाचपून शोधावा लागेल. खाली गवतात बसून एक कोपरा निवडा आणि खडक कुठे संपतो ते ठरवा. तिघांची तीन उत्तरं येतील.

मग सोंडेवरून चालत बोबोलित्सेला या. हा किल्ला अगदी नवा दिसतो, कारण तो नवाच आहे. सतराव्या शतकात स्वीडिश सैन्यानं त्याची वाताहत केली, पुढे खजिन्याच्या आशेनं लोकांनी भिंती पोखरल्या, आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस दोन-चार भिंतीच उरल्या होत्या. १९९९ नंतर खासगी मालकांनी तो पुन्हा बांधायला घेतला आणि २०११ मध्ये लोकांसाठी खुला केला. यावर पोलंडमध्ये जोरात वाद झाले. बाजूनं बोलणारे म्हणतात, ढिगारा वाचला, गावात पर्यटक आले, मुलांना किल्ला म्हणजे काय ते कळलं. विरोधकांचं म्हणणं असं की मूळ छप्पर, मूळ खिडक्या, मूळ उंची कशा होत्या याचं पुरेसं चित्र हाती नसताना केलेलं बांधकाम म्हणजे इतिहासाचा अंदाज आहे, आणि तो अंदाज खऱ्या भिंतींवरच उभा केल्यामुळे आता त्या वेगळ्या काढता येत नाहीत.

मी दुसऱ्या बाजूचा आहे. बोबोलित्सेच्या तटात जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे सरावाची नजरही सहज सांगू शकत नाही, आणि मला हीच मोठी हानी वाटते. मिरूवमध्ये भिंत जे सांगते ते खात्रीनं सांगते, मग ते थोडं का असेना. महाराष्ट्रातल्या गडांवरही जीर्णोद्धाराच्या नावाखाली नवे दरवाजे, नव्या फरश्या बसवण्याची चर्चा सतत चालू असते. तिच्यात रस असणाऱ्या माणसानं ही दोन किलोमीटरची वाट एकदा चालावी. तरीही बोबोलित्से टाळू नका. आधी मिरूव, मग बोबोलित्से, आणि परत येताना पुन्हा मिरूव, असं करा.

या दोन किल्ल्यांबद्दल जुळ्या भावांची गोष्ट सांगतात. दोघांनी किल्ल्यांमध्ये भुयार खणून त्यात लुटीचा खजिना ठेवला, आणि पुढे एका तरुणीपायी त्यांच्यात वैर आलं. चुनखडीत सगळीकडे गुहा असल्यानं इथल्या प्रत्येक किल्ल्याला भुयाराची कथा चिकटलेली आहे.

तिसरा दिवस ओल्श्तिन. तिकीट काढताना सांभाळा: पोलंडच्या उत्तरेला याच नावाचं मोठं शहर आहे आणि प्रवासाची ॲपं आधी तेच दाखवतात. आपल्याला हवं ते चेंस्तोहोवापासून बारा-तेरा किलोमीटरवरचं गाव. चेंस्तोहोवाहून तिथे बस जाते. सकाळी यास्ना गुरा मठ आणि दुपारनंतर किल्ला असा बेत छान जमतो. उघडी, गवताळ टेकडी, तिच्यावर पांढरे खडक आणि त्यांतून वर आलेला सुमारे ३५ मीटर उंचीचा गोल बुरूज. बुरुजाचा खालचा भाग दगडी आहे आणि वरचा विटांचा. रंग बदलतो ती रेषा खालूनच दिसते. तिथे एका शतकाचं काम संपून दुसऱ्याचं सुरू होतं. उतरतं ऊन या पांढऱ्या दगडावर पिवळं होत जातं, म्हणून मी इथे दुपारी चारनंतरच नेतो.

बुरुजाच्या पायथ्याशी दार शोधू नका, मुळात ते तिथे नव्हतंच. अशा बुरुजांत शिरायची वाट जमिनीपासून बरीच वर असते, शिडीनं किंवा लाकडी पुलानं जायची. त्याखालचा पोकळ भाग म्हणजे कोठडी, जिच्यात माणसाला दोरानं सोडत. पोझनानचा सुभेदार माच्को बोर्कोवित्स यानं काझिमिएझविरुद्ध सरदारांचा कट केला होता. १३६० च्या आसपास राजानं त्याला इथे उपाशी ठेवून मारलं. जुनी बखर सांगते की त्याला खायला गवताची पेंढी आणि प्यायला पाण्याचा घडा तेवढा दिला, आणि तो चाळीस दिवस जगला. दिवसांचा आकडा खरा असो-नसो, शिक्षा खरी होती, आणि त्या जाड भिंतीला पाठ लावून उभं राहिलं की ती अंगावर येते.

दुसरी गोष्ट १५८७ ची. पोलंडच्या गादीसाठी झिगमुंत वासा निवडला गेला, आणि हरलेल्या बाजूचा मॅक्सिमिलियन फौज घेऊन आला. क्राकूव हाती लागेना म्हणून माघारी फिरताना त्यानं ओल्श्तिनला वेढा दिला. किल्लेदार काच्पेर कार्लिन्स्कीचं तान्हं मूल शत्रूच्या हाती सापडलं होतं. कथा अशी सांगतात की दाईसकट मुलाला हल्ल्याच्या आघाडीला ठेवलं, आणि कार्लिन्स्कीनं तरी तोफेला बत्ती दिली. किल्ला पडला नाही. पुढच्याच जानेवारीत बिचिनाच्या लढाईत मॅक्सिमिलियन कैद झाला. पोलिश मुलं ही गोष्ट लहानपणी ऐकतात, आणि माझ्या ओळखीच्या कित्येक आयांना ती अजिबात आवडत नाही.

ओल्श्तिनच्या तटाचा बराच भाग गायब का, याचं उत्तर खाली गावात आहे. स्वीडिश स्वारीत किल्ला निकामी झाला, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला गावचं चर्च बांधताना इथलाच दगड वापरला. पठारभर हेच झालं. तोफांनी जितक्या भिंती पाडल्या त्याहून जास्त पुढच्या दोनशे वर्षांत गाडीवानांनी नेल्या, कधी घराच्या पायासाठी, कधी भट्टीत भाजून चुना करायला. चर्चच्या भिंतीजवळून जाताना नीट बघा. टेकडीच्याच कोपऱ्यात खडकाच्या पोटात गुहाही आहेत. त्या किल्ल्याच्या कोठारांसारख्या वापरल्या जात.

शेवटचा दिवस क्राकूवच्या जवळ, ओइत्सूवला. १९५६ मध्ये स्थापन झालेलं ओइत्सूव राष्ट्रीय उद्यान सुमारे २१ चौरस किलोमीटरचं, पोलंडमधलं सर्वांत छोटं. प्रोंदनिक ओढ्यानं चुनखडी कापून केलेलं हे खोरं आहे, त्यामुळे इथे तुम्ही पठारावर नसता, पठाराच्या पोटात असता. ओइत्सूव किल्ल्याचा दरवाजाचा बुरूज, एक अष्टकोनी बुरूज आणि विहीर एवढंच उरलंय. अर्धा तास पुरे. सात-आठ किलोमीटर वर प्येस्कोवा स्कावा हा मात्र धडधाकट किल्ला आहे, सोळाव्या शतकातल्या कमानींच्या अंगणासह. तो क्राकूवच्या राजवाड्याच्या संग्रहालयाची शाखा आहे. तीन दिवस अधांतरी शेगड्या बघितल्यावर छप्पर असलेलं दालन बघायला मिळतं, म्हणून तो मी मुद्दाम शेवटी ठेवतो. त्याच्याजवळ गदेसारखा उभा असलेला चुनखडीचा सुळका आहे. खालच्या भागाची झीज जास्त झाल्यानं तो कमरेत बारीक झालाय.

वाटेत ओढ्याच्या दोन काठांवर टेकवलेलं १९०१ चं छोटं लाकडी चर्च लागतं. त्या वेळी हा भाग रशियाच्या झारच्या ताब्यात होता आणि ओइत्सूवच्या जमिनीवर प्रार्थनास्थळ बांधायला मनाई होती, म्हणून ते पाण्यावर बांधलं, असं इथे सांगतात.

क्राकूवहून जवळ म्हणून अनेक जण तेन्चिन किल्लाही यादीत घालतात. किल्ला भव्य आहे, पण तो चुनखडीवर नाही, ज्वालामुखीच्या जुन्या लाव्ह्यावर आहे. बेसाल्टच्या राज्यातून आलेल्यांना तो ओळखीचा वाटेल. या खेपेला सोडला तरी चालेल.

आता चालण्याबद्दल. कोरडी चुनखडी बुटाला छान धरते, ओली झाली की साबण. ज्या दगडावर गिर्यारोहकांचे आणि पर्यटकांचे हात-पाय वर्षानुवर्षं लागलेत तो कोरडाही घसरतो. चकाकणारी पायरी दिसली की पाय शेजारी टाका. सप्टेंबरअखेर बीचची पानं पडायला लागतात आणि ओल्या दगडावर ती फसवतात. ओइत्सूवकडे वाऱ्यानं आणून टाकलेल्या बारीक पिवळ्या मातीचा थर आहे, पावसानंतर तिचा चिखल तळव्याला चिकटून बूट जड होतो. उत्तरेला ओल्श्तिनकडे उलट, पाइनच्या रानात वाळू. बाबांना काठी असू द्या.

पायवाटांच्या खुणा झाडांवर आणि खांबांवर असतात: दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये एक रंगीत. पोलंडमध्ये हा रंग वाट सोपी की अवघड हे सांगत नाही, तो नुसता एक वाट दुसरीपासून वेगळी ओळखण्यासाठी असतो. लाल दिसली म्हणून घाबरू नका. माथ्यावर पाणी मिळत नाही हे आता तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा माणशी दीड लिटर बरोबर घ्या.

गोचिडी इथला खरा धोका. गवतात आणि झुडपांत असतात, चावल्याचं कळत नाही, आणि त्यांच्यामुळे लाइम आजार होऊ शकतो. पूर्ण पायजमा, मोजे वर ओढलेले, आणि संध्याकाळी खोलीवर गेल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत बघायचं. सापडली तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. तेल लावायचं नाही, जाळायची नाही. पुढच्या काही आठवड्यांत लाल गोल चट्टा पसरला किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीबद्दल आवर्जून सांगा.

भिंतींवर चढू नका, पोलिश मुलं चढताना दिसली तरी. सहाशे वर्षांच्या चुन्यात दर हिवाळ्यात पाणी शिरून गोठतं, आणि वरचा चिरा नुसता टेकलेला असू शकतो. विजा चमकायला लागल्या तर ओल्श्तिनसारख्या उघड्या टेकडीवरून लगेच उतरा. काही झालंच तर ११२. या पठारासाठी डोंगरी बचावपथकाची वेगळी तुकडी आहे.

गाडी भाड्यानं घेतलीत तर सगळं सोपं. नाहीतर ओग्रोदझ्येन्येत्स आणि मिरूवसाठी रेल्वेनं झाव्येर्चेला उतरून पुढे बस किंवा टॅक्सी. रविवारी गावच्या बस फारच कमी, म्हणून रविवार ओइत्सूवला ठेवा, तिथे क्राकूवहून छोट्या बस जातात. उद्यानात गर्दी असेल, पण परत यायची काळजी नसेल. किल्ल्यांच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, आदल्या रात्री त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

शाकाहारी असाल तर बटाटा आणि पनीरसारखं ताजं चीज भरलेले 'पिएरोगी रुस्क्ये' जवळपास सगळीकडे मिळतात. वरून डुकराच्या चरबीचे तुकडे घालतात, ते नको म्हणून आधीच सांगा. मासे खात असाल तर ओइत्सूवच्या खोऱ्यात ट्राउट खा. आणि एक लहान दुर्बीण बरोबर असू द्या, उंच भिंतीवरच्या शेगड्या आणि तुळयांच्या खोबणी तिच्यातून फार स्पष्ट दिसतात.